डेनिस रिची: मशीन आणि प्रोग्रॅम यांच्यात रेघ मारणारा माणूस

लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम फ्रीबीएसडीसारख्या दुसऱ्या युनिक्सवर चालेल असा करायचा, याला पोर्टिंग म्हणतात. प्रोग्रॅम साधा असेल तर बऱ्याचदा नुसता पुन्हा कंपाइल केला की काम भागतं. पण तो थेट हार्ड डिस्कशी बोलणारा असेल तर मात्र घाम फुटतो. गेलं वर्षभर माझं नोकरीतलं काम हेच आहे. डिस्कशी थेट बोलणारी कमांड-लाइन टूल्स लिनक्सवरून फ्रीबीएसडीवर न्यायची. कंपनी मोठ्या शहरात आहे, मी मात्र गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात, घरूनच काम करतो.

या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. जिथे काम सोपं जातं तिथे आणि जिथे अडतं तिथेही, कारण शोधत मागे गेलं की एकच नाव समोर येतं: डेनिस रिची. कॉलेजात आपल्याला त्यांची ओळख होते ती सी भाषेचे जनक म्हणून, तीही परीक्षेत एक मार्क मिळवण्यापुरती. या लेखात मी त्यांचं आयुष्य डिस्कच्या आणि पोर्टिंगच्या बाजूने सांगणार आहे. कारण माझ्या मते त्यांचं बहुतेक काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं: प्रोग्रॅममधला कोणता भाग मशीनचा आणि कोणता आपला, ही रेघ नेमकी कुठे मारायची?

आधी टूल्सबद्दल थोडं

आपण फाइल कॉपी करतो तेव्हा डिस्कशी बोलत नसतो, फाइल सिस्टिमशी बोलत असतो. लो-लेव्हल टूल्स फाइल सिस्टिमला बाजूला ठेवून डिस्कलाच प्रश्न विचारतात. तुझं मॉडेल कोणतं, फर्मवेअर कोणतं, एकूण सेक्टर किती, त्यातले किती खराब होऊन बदलले गेले? स्मार्टमॉनटूल्स, एसजी३-युटिल्स, एचडीपार्म ही या प्रकारातली नावाजलेली टूल्स.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या गावात लग्नाचे फोटो काढणारा एक जण आहे. कित्येक वर्षांचं शूटिंग त्याने एकाच डिस्कवर ठेवलं होतं. मशीन मधूनच अडकतं म्हणून त्याने मला दाखवायला आणलं. ऑपरेटिंग सिस्टिमला सगळं ठीक दिसत होतं. स्मार्टसीटीएल ही कमांड चालवली तर पाचव्या क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची मोजणी, दर वेळी वाढलेली दिसली. त्याच दिवशी गोंदियाहून दुसरी डिस्क आणून सगळं उतरवून घेतलं. जुनी डिस्क पुढच्या महिन्यात बंदच पडली.

म्हणजे या टूल्सनी दिलेला एक आकडा बरोबर की चूक, यावर गावातल्या लोकांच्या लग्नाच्या आठवणी अवलंबून होत्या. शिवाय यातली काही टूल्स डिस्क पूर्ण पुसूही शकतात. म्हणून अशा टूलचं पोर्टिंग करताना नुसतं कंपाइल झालं यावर समाधान मानून चालत नाही. आता मूळ माणसाकडे वळू.

समिटचा मुलगा

डेनिस मॅकअॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल इथे झाला. ते वाढले न्यू जर्सीतल्या समिट या गावात. वडील अॅलिस्टर रिची बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागणाऱ्या स्विचिंग सर्किटांच्या रचनेवरच्या एका महत्त्वाच्या पुस्तकाचे ते सहलेखक. म्हणजे मशीनचं पोट उघडून बघण्याची सवय घरातच होती.

डेनिस हार्वर्डला गेले. आधी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग उपयोजित गणितात संशोधन केलं. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रोग्रॅमची रचना आणि गणनाची गुंतागुंत असा होता, म्हणजे पूर्ण सैद्धांतिक. १९६८ साली प्रबंध लिहून झाला. पण त्याची बांधलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करायची राहिली, ती राहिलीच. त्यामुळे त्यांना पीएचडी अधिकृतपणे कधीच मिळाली नाही. हरवल्यासारखा झालेला तो प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांसमोर आणला.

आपल्याकडे नावामागे डिग्री लागली नाही तर घरचे वर्षभर टोमणे मारतात. रिचींनी मात्र त्या डिग्रीशिवायच १९६७ पासून बेल लॅब्समध्ये काम सुरू केलं, आणि पुढची चाळीस वर्षं ते तिथेच राहिले.

एक डिस्क आणि रिकामं पडलेलं मशीन

त्या वेळी बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होते. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला, आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं. रिची, केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी अचानक मोकळे झाले. एकत्र बसून काम करता येईल अशी सिस्टिम हातातून गेली होती, आणि नवीन मोठं मशीन घेऊन द्यायला व्यवस्थापन तयार नव्हतं.

लॅबमध्ये पीडीपी-७ नावाचं फारसं न वापरलं जाणारं एक छोटं मशीन होतं. थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी त्याआधी फळ्यावर फाइल सिस्टिमची एक रचना काढून ठेवली होती. थॉम्पसन त्या मशीनच्या डिस्कमधून जास्तीत जास्त वेग कसा काढता येईल यावर काम करत होते. म्हणजे युनिक्सची सुरुवात एका डिस्कभोवतीच झाली. डिस्कचा कोड तपासायला आणखी प्रोग्रॅम हवेत, ते चालवायला आणखी काही हवं, असं करत करत १९६९ च्या उन्हाळ्यात ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली.

त्या फळ्यावरच्या विचारातून एक कल्पना आली, जिच्यावर माझं आजचं काम उभं आहे. डिस्क, टेप, टर्मिनल अशा प्रत्येक उपकरणाला फाइलसारखंच एक नाव द्यायचं. उघडा, वाचा, लिहा, बंद करा: फाइलला जे चार व्यवहार लागतात तेच उपकरणालाही. आज लिनक्सवर /डेव्ह/एसडीए आणि फ्रीबीएसडीवर /डेव्ह/डीए० असं जे दिसतं ते त्याच कल्पनेचं रूप.

याचा फायदा बघायचा असेल तर डीडी ही कमांड घ्या. १९७० च्या दशकात युनिक्समध्ये आलेली ही कमांड एका ठिकाणचे बाइट उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकते. ती फाइल आहे की डिस्क, याच्याशी तिला देणंघेणं नाही. डीडी आज जवळपास प्रत्येक युनिक्सवर आहे, कारण ती फक्त त्या साध्या व्यवहारांवर चालते. रेघ योग्य ठिकाणी मारली की पोर्टिंग इतकं सोपं होतं.

सी: गरजेतून आलेली भाषा

पीडीपी-७ वरचं युनिक्स असेंब्ली भाषेत होतं, म्हणजे पूर्णपणे त्या मशीनला बांधलेलं. १९७० मध्ये गटाला पीडीपी-११ मिळालं, तेही लॅबच्या पेटंट विभागाला मजकूर तयार करायची सोय करून देऊ या बोलीवर. मशीन बदललं, त्यामुळे सगळं पुन्हा लिहावं लागलं.

थॉम्पसन यांनी बी नावाची छोटी भाषा केली होती. तिच्यात एकच प्रकार होता: मशीनचा वर्ड. पण पीडीपी-११ बाइट मोजणारं मशीन होतं. अक्षर एक बाइटचं, पूर्णांक दोन बाइटचा. बी भाषेला हा फरक सांगताच येत नव्हता. रिचींनी तिच्यात प्रकार आणले, मग तिचं सगळं अंगच बदललं. १९७१ ते १९७३ या काळात सी तयार झाली.

१९७२ मध्ये थॉम्पसन यांनी कर्नल सीमध्ये लिहायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण तेव्हा भाषेत स्ट्रक्चर नव्हतं. वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली बांधता येत नसेल तर प्रोसेसची किंवा डिस्कच्या बफरची नोंद ठेवणार कशी? रिचींनी स्ट्रक्चर घातलं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून कर्नल सीमध्ये लिहून काढला. ऑपरेटिंग सिस्टिम असेंब्लीतच असते असं मानणाऱ्या काळात ही मोठी उडी होती.

१९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांचं सी वरचं पुस्तक आलं. आमच्याकडे विदर्भात माझ्यासारख्या अनेकांच्या हातात ही भाषा आली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या लेट अस सी या पुस्तकातून. समिटमधल्या मुलाची भाषा धानाच्या पट्ट्यातल्या मुलांपर्यंत पोचली, कारण ती एका मशीनची राहिली नव्हती. आणि ती तशी राहिली नाही, याचं श्रेय पुढच्या प्रयोगाला जातं.

इंटरडेटा: मुद्दाम निवडलेलं परकं मशीन

सी मध्ये लिहिलं म्हणजे दुसऱ्या मशीनवर चालेलच, असं त्या वेळी कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. १९७७ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ते करून बघायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी इंटरडेटा ८/३२ हे मशीन घेतलं. पीडीपी-११ हे १६ बिटचं, तर इंटरडेटा ३२ बिटचं. निवड जाणूनबुजून होती. मशीन जितकं वेगळं, तितक्या लपलेल्या चुका जास्त दिसणार.

आणि त्या दिसल्या. जुन्या कोडमध्ये पॉइंटर आणि पूर्णांक सर्रास एकमेकांच्या जागी वापरले होते. पीडीपी-११ वर दोन्ही १६ बिटचे, त्यामुळे कधी बिघडलं नव्हतं. बाइटांचा क्रमही वेगळा. पीडीपी-११ कमी किमतीचा बाइट आधी ठेवतं, इंटरडेटा जास्त किमतीचा आधी. त्यामुळे युनिक्स या शब्दातली चार अक्षरं जोडीजोडीने उलटून नुक्सी असं काहीतरी दिसतं, असा किस्सा झाला. बाइट-क्रमाच्या गोंधळाला आजही नुक्सी प्रॉब्लेम म्हणतात.

या कामातून भाषा बदलली. टाइपडेफ, युनियन, प्रकारांची कडक तपासणी, शंकास्पद कोड शोधून देणारं लिंट हे टूल, या सगळ्याला पोर्टिंगच्या गरजेने धार आली. जॉन्सन यांनी दुसऱ्या मशीनसाठी सहज बदलता येईल असा कंपायलर लिहिला. १९७८ मध्ये दोघांनी या अनुभवावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनीही स्वतंत्रपणे युनिक्स इंटरडेटा ७/३२ वर नेलं होतं. दोन टोकांना दोन गट, आणि दोघांनाही जमलं. युनिक्स एका मशीनचं राहिलं नाही.

ही नुक्सीची गोष्ट जुनी झाली असं समजू नका. डिस्कला तिची क्षमता विचारली की स्कझी पद्धतीत ती आठ बाइट पाठवते: चार बाइटमध्ये शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक, चार बाइटमध्ये एका ब्लॉकचा आकार. क्रम इंटरडेटासारखा, मोठा बाइट आधी. आपले इंटेलचे प्रोसेसर मात्र पीडीपी-११ सारखे, लहान बाइट आधी. ५१२ हा आकार ०० ०० ०२ ०० असा येतो. तो तसाच पूर्णांक म्हणून वाचला तर १३१०७२ होतो. या आकड्यावर भरवसा ठेवून डिस्कवर लिहायला गेलात तर काय होईल, विचार करा. म्हणून चांगल्या टूलमध्ये बाइट एकेक करून जोडतात, सीचं स्ट्रक्चर त्यावर थेट पांघरत नाहीत. स्ट्रक्चरमध्ये मधे किती मोकळी जागा सोडायची ते कंपायलर ठरवतो, डिस्क नाही.

अडगळीची खोली

आता अडणाऱ्या भागाकडे येऊ. उघडा, वाचा, लिहा, बंद करा यात सगळं बसत नाही. टर्मिनलचा वेग बदलायचा, टेप मागे फिरवायची, डिस्कला तिचं मॉडेल विचारायचं: यातलं काहीच वाचणं किंवा लिहिणं नाही. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत यासाठी आयओसीटीएल नावाचा सिस्टिम कॉल आला. त्याला एक उघडलेली फाइल द्यायची, एक क्रमांक द्यायचा आणि एक पॉइंटर. त्या क्रमांकाचा अर्थ काय आणि पॉइंटर कशाकडे, ते त्या उपकरणाचा ड्रायव्हर ठरवणार.

घरात एक खोली असते, जिथे कुठेच न बसणारं सामान टाकतात. दार बंद केलं की घर नीटनेटकं दिसतं. आयओसीटीएल ही युनिक्सची तशी खोली झाली. प्रत्येक युनिक्सने त्यात आपापलं सामान आपापल्या पद्धतीने भरलं. घरं बाहेरून सारखी, खोल्या आतून वेगळ्या.

डिस्कची क्षमता बाइटमध्ये हवी तर लिनक्सवर एका नावाचा आयओसीटीएल, फ्रीबीएसडीवर दुसऱ्या नावाचा. मॅकवर ब्लॉकची संख्या आणि ब्लॉकचा आकार वेगवेगळे विचारून गुणाकार करायचा. स्कझी कमांड डिस्कपर्यंत पोचवायची तर लिनक्सवर एसजी-आयओ, सोलारिसवर यूस्कझी, फ्रीबीएसडीवर कॅम नावाची वेगळीच यंत्रणा. फ्रीबीएसडीने तर डिस्कची ब्लॉक उपकरणं काढूनच टाकली आहेत. लिनक्सवर डिस्कमधून १०० बाइट मागितले तर कर्नल आतल्या आत पूर्ण ब्लॉक वाचून तुम्हाला १०० देतो. फ्रीबीएसडीवर सेक्टरच्या पटीतच मागावं लागतं, नाहीतर सरळ एरर.

गोंदियाकडच्या माणसाला हे एका उदाहरणात कळेल. मुंबई-हावडा मार्ग मोठ्या लाइनचा, रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. बालाघाट-जबलपूरकडे जाणारी होती छोटी लाइन, ७६२ मिलिमीटरची. तिचं रुंदीकरण होईपर्यंत जबलपूरकडचा माल गोंदियाला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागायचा. पोतं तेच, आतलं धान तेच, डबा मात्र वेगळा. डिस्क टूल्सचं तसंच आहे. मॉडेल विचारण्याची स्कझी कमांड सहा बाइटची: १२ ०० ०० ०० २४ ००, हेक्साडेसिमलमध्ये. शेवटून दुसरा बाइट म्हणजे ३६ बाइटचं उत्तर चालेल अशी सूचना. उत्तरात आठव्या बाइटपासून कंपनीचं नाव, सोळाव्यापासून मॉडेल, बत्तिसाव्यापासून आवृत्ती. डिस्कला लिनक्स माहीत नाही, फ्रीबीएसडी माहीत नाही. हे सहा बाइट सगळीकडे तेच. लिनक्सवर ते एका स्ट्रक्चरच्या डब्यात बसतात, फ्रीबीएसडीवर सीसीबी नावाच्या दुसऱ्या डब्यात. माझं काम म्हणजे पोतं न फाडता डबा बदलणं.

या टूल्सना रूट का लागतो, त्यातही रिची आहेतच. साध्या वापरकर्त्याने चालवलेल्या ठरावीक प्रोग्रॅमला तेवढ्यापुरते मालकाचे अधिकार देण्याची सेटयूआयडी ही युक्ती त्यांची. १९७९ मध्ये तिचं पेटंट त्यांच्या नावावर मिळालं, आणि पुढे ते सगळ्यांसाठी मोकळं सोडण्यात आलं. डिस्क पुसणाऱ्या टूलवर मात्र हा बिट चुकूनही लावू नका.

अडगळ उपसण्याचा प्रयत्न

रिचींना ही अडगळ दिसत नव्हती असं नाही. १९८४ मध्ये त्यांनी स्ट्रीम्स नावाची रचना मांडली. टर्मिनल आणि नेटवर्क यांचा ड्रायव्हरमध्ये गुंतलेला कोड सुटा करून, एकापुढे एक जोडता येतील असे तुकडे त्यांनी केले. त्याआधीच, १९८३ मध्ये, थॉम्पसन यांच्यासोबत त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. कुणी तिथेच थांबलं असतं. ते आपल्याच जुन्या रचनेतल्या फटी बुजवत बसले होते.

१९९० पासून ते सिस्टिम सॉफ्टवेअर संशोधन विभागाचे प्रमुख झाले. याच गटात रॉब पाइक, थॉम्पसन आणि इतरांनी प्लॅन ९ ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना देण्यात आली. उपकरण म्हणजे फाइल ही मूळ कल्पना तिच्यात शेवटापर्यंत नेली आहे. आयओसीटीएल तिथे नाहीच. प्रत्येक उपकरणाला एक कंट्रोल फाइल असते, तिच्यात साध्या मजकुरात आज्ञा लिहायच्या.

डिस्कचं तर बघण्यासारखं आहे. प्लॅन ९ मध्ये प्रत्येक डिस्कची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात रॉ नावाची फाइल. त्या फाइलमध्ये आपले ते सहा बाइट लिहायचे, मग त्याच फाइलमधून उत्तर वाचायचं, आणि पुन्हा एकदा वाचून कमांड यशस्वी झाली की नाही ते बघायचं. संपलं. ज्या कामासाठी मला प्रत्येक युनिक्सचा वेगळा डबा शिकावा लागतो, ते तिथे फाइल लिहिणं-वाचणं एवढंच आहे. हा कोड रिचींनी स्वतः लिहिला असा माझा दावा नाही. पण १९६९ च्या फळ्यावरच्या कल्पनेचा तो सरळ वंशज आहे, आणि तो ज्या गटात वाढला त्या गटाचे प्रमुख ते होते.

प्लॅन ९ जगभर पसरली नाही. लोकांकडे चालणारं युनिक्स होतं, त्यावर लिहिलेले प्रोग्रॅम होते. घर बदलण्यापेक्षा अडगळीच्या खोलीसोबत राहणं स्वस्त पडतं. मला यात पराभव दिसत नाही. आपण काढलेली रेघ इतकी टिकली की तिच्यापेक्षा चांगली रेघ काढणाऱ्यांनाही जागा मिळाली नाही, असं क्वचितच कुणाच्या वाट्याला येतं.

शांतपणे जाणं

रिची २००७ मध्ये निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्समध्ये ते एकटे राहत. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना आणि थॉम्पसन यांना मिळालं होतं, २०११ मध्ये जपान प्राइझही मिळालं. त्या काळात त्यांची तब्येत ठीक नव्हती. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला ते कुणी पाहिलं नव्हतं. वय ७० वर्षं.

आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि सगळ्या जगाची वर्तमानपत्रं त्यांनी भरली होती. रिचींची बातमी जुने सहकारी आणि प्रोग्रॅमर यांच्यातच फिरली. दोघांची तुलना करून हळहळणारे मेसेज आजही दर ऑक्टोबरमध्ये येतात. मला ती तुलना पटत नाही. आयफोनच्या कर्नलमध्ये सी आहे हे खरं. पण रिचींचं काम असं होतं की ते नीट झालं की दिसत नाही. रुळ बदलताना प्रवाशाला धक्का बसला नाही, तर तो रुळ बसवणाऱ्याचं नाव विचारत नाही.

ज्यांना विचारायचं होतं त्यांनी विचारलं. जानेवारी २०१२ मध्ये फ्रीबीएसडीची ९.० आवृत्ती आली, ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली होती. मी ज्या सिस्टिमवर रोज टूल्स नेतो तीच ही.

करून बघण्यासारखं

रिचींच्या आयुष्यातून कामाला येईल अशी एक गोष्ट घ्यायची तर ती अशी. एसजी३-युटिल्सचा सोर्स डाउनलोड करा आणि त्यातली लायब्ररीची डिरेक्टरी उघडा. लिनक्ससाठी एक फाइल, फ्रीबीएसडीसाठी एक, सोलारिससाठी एक, विंडोजसाठी एक. बाकी सगळी टूल्स या फाइलींच्या वर बसलेली, त्यांना खाली कोणती सिस्टिम आहे याची खबरही नाही. स्मार्टमॉनटूल्समध्येही तेच दिसेल. मशीनचा भाग एका ठिकाणी गोळा केलेला, बाकीचा भाग मोकळा.

मग तुमच्या स्वतःच्या एखाद्या प्रोजेक्टकडे बघा. ज्या ओळी तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालतील, त्या सगळीकडे विखुरलेल्या आहेत की एका फाइलमध्ये? विखुरलेल्या असतील तर दुसऱ्या कुठल्याही सिस्टिमवर एकदा कंपाइल करून बघा, जितकी परकी तितकी चांगली. फ्रीबीएसडी व्हर्च्युअल मशीनवर अर्ध्या तासात बसते. फक्त डिस्कवर लिहिणारं काही तपासायचं असेल तर आधी रिकामी पेन ड्राइव्ह लावा, आणि उपकरणाचं नाव दोनदा वाचून मगच एंटर दाबा.